शोबर्टच्या घरचे सूप

आषाढ-श्रावणात कोकणात वारुळांवर अळंबी उगवतात. आमची आजी मात्र वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या एका वारुळाखेरीज दुसरीकडचे अळंबे चुलीजवळ येऊ देत नसे. परक्या अळंब्यापेक्षा परका पाहुणा बरा, असे ती म्हणे. पॅरिसमधल्या एका संगीतकाराची हकीकत वाचताना तिचे ते बोलणे मला आठवले.

योहान शोबर्ट हे त्याचे नाव. हार्पसिकॉर्ड वाजवावे तर त्यानेच, असा त्याचा लौकिक. १७६० च्या सुमारास तो पॅरिसला आला व कोंतीच्या राजपुत्राच्या पदरी राहिला. १७६३ साली मोझार्ट कुटुंब त्या शहरी आले, तेव्हा सात वर्षांच्या वोल्फगांगवर त्याच्या संगीताची चांगलीच छाप पडली.

१७६७ च्या ऑगस्टात शोबर्ट कुटुंबासह व स्नेह्यांसह शहराबाहेर फिरायला गेला. तिथे त्यांना रानात अळंबी मिळाली. ती घेऊन मंडळी एका खाणावळीत गेली. स्वयंपाक्याने पाहताक्षणी सांगितले, “ही विषारी आहेत, मी शिजवणार नाही.” मंडळी रुसून दुसऱ्या खाणावळीत गेली. तिथेही तेच उत्तर! पण बरोबर एक डॉक्टर होता. अळंबी खाण्याजोगी आहेत, असा त्याने निर्वाळा दिला. मग काय, ती घरी नेऊन त्यांचे सूप केले. शोबर्ट, त्याची बायको, मूल आणि तो डॉक्टरही त्यात दगावला. वाचकहो, मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलेलो नाही. तेव्हा माझा ओढा त्या स्वयंपाक्यांकडे असला तर क्षमा करा.

अळंब्याने माणूस मेला म्हणजे युरोपात बहुधा ज्याचा संशय घेतात, ते ‘डेथ कॅप’ दिसायला साधे, फिकट हिरवट असते. खाऊन वाचलेले लोक सांगतात की, ते चवीला चांगले लागते! उकळून वा तळून त्याचे विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडला तर अळंबे विषारी, अशी तिकडे समजूत होती. तिला काही अर्थ नाही. किड्याने खाल्ले म्हणून माणसाने खावे, हेही तसेच. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहून अधिक, काहीच होत नाही. मग वांत्या-जुलाब सुरू होतात. ते थांबून माणसाला जरा हुशारी वाटते, घरचे देवापुढे साखर ठेवतात, आणि नेमके तेव्हाच यकृत निकामी होत असते. अर्धे अळंबेही जीव घ्यायला पुरते. आज इस्पितळे आहेत, यकृत बदलण्याची शस्त्रक्रियाही आहे; तरी माणसे मरतात.

राजवाडेही यातून सुटले नाहीत. व्हिएन्नाचा सम्राट सहावा चार्ल्स १७४० च्या ऑक्टोबरात वारला, तो अळंबी खाऊन आजारी पडल्यामुळे, असे सांगतात. त्याच्या मुलीच्या, मारिया थेरेसाच्या, वारशावरून पुढे आठ वर्षे युद्ध चालले.

शोबर्टमागे युद्ध झाले नाही. पण त्याच १७६७ च्या जूनमध्ये, दूर साल्झबुर्गला, अकरा वर्षांच्या मोझार्टने एक कंचेर्तो लिहून काढला होता. त्याचा मधला संथ भाग त्याने शोबर्टच्या एका सोनाटावरून घेतला होता. तो अजून वाजवतात. शोबर्ट गेला ती तारीख २८ ऑगस्ट.