पेवाचं तोंड

आमच्या बीड जिल्ह्यात दुष्काळ कुणाला शिकवावा लागत नाही. सह्याद्रीनं अडवून उरलेला पाऊस आमच्या वाट्याला येतो. बालाघाटाच्या डोंगरात तर दगड जास्त आणि माती कमी. त्यामुळं तीन-चार वर्षांतून एखादं साल वाईट जाणार, हे धरूनच आमची जुनी माणसं संसार करायची. पण माझी आजी दुष्काळाचे दोन काळ वेगवेगळे सांगायची. एक पाण्याचा काळ, म्हणजे पाऊस न पडल्याचा. दुसरा धाडीचा काळ. पहिल्याला ती भ्यायची नाही. "पान्याच्या काळात मानूस वाळतंय, पर गाव जाग्यावर ऱ्हातंय," असं म्हणायची. दुसऱ्याचं नाव निघालं की मात्र गप्प व्हायची. ती असं का म्हणायची, हे मला इतिहासाची पुस्तकं वाचायला लागल्यावर उमगलं. तेच इथं मांडतो.

आधी पेव म्हणजे काय ते सांगतो, कारण आताच्या पोरांनी ते पाहिलेलं नाही. गावच्या पांढरीत, जिथं ओल लागत नाही अशा जागी खोल खड्डा खणायचा. तोंड अरुंद, माणूस उतरेल एवढंच, आणि आत पोट मोठं, रांजणासारखं. आतून कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची, वर फरशी ठेवून माती लिंपायची. दोन-तीन वर्षं दाण्याला काही होत नसे. पेव उघडताना लई जपावं लागे. आत कोंडलेली हवा विषारी असते. म्हणून तोंड उघडं करून थांबायचं, मग दोरीनं पेटता कंदील आत सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. पाऊस हुकला तर गावाला वाचवायची खरी ताकद या पेवात होती. एका सालाची ज्वारी पुढच्या सालाला उपयोगी पडायची. म्हणून पेव कुठं आहे हे घरच्यांशिवाय कुणाला सांगायचं नाही, अशी रीत होती.

आता जुनी गोष्ट बघू, चारशे वर्षांपूर्वीची. 1630 साली दख्खनेत आणि गुजरातेत पाऊस पडलाच नाही. पुढच्या साली अति पडला. तुकोबांच्या घरी याच दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, हे महाराष्ट्र जाणतो. पण त्याच वर्षी आपल्या भागात काय चाललं होतं, ते फार थोड्यांना ठाऊक आहे. खानजहान लोदी हा मोगल सरदार बादशहावर उलटून निजामशहाकडं आला होता आणि त्याला बीडची जहागीर मिळाली होती. त्याच्या पाठीवर शहाजहान बादशहा स्वतः बऱ्हाणपूरला येऊन बसला. मोगलांचा आझमखान फौज घेऊन बीडकडं उतरला. बीडच्या आसपास लढाई झाली. 1631 च्या सुरुवातीला आमचा धारूरचा किल्ला मोगलांनी घेतला. पुढं परांड्याला वेढा घातला, पण आसपास कित्येक कोस गवताची काडी राहिली नव्हती. जनावरं जगेनात म्हणून वेढा उठवून फौजेला धारूरला माघारी यावं लागलं. बादशाही फौजेची ही गत, तर मधल्या गावांची काय झाली असेल?

पश्चिमेला पुण्याकडंही तेच. आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं जाळून उजाड केलं, ते याच सुमाराला. म्हणजे आभाळ कोरडं, आणि खाली तीन-चार सत्तांच्या फौजा एकमेकांच्या मुलखातलं धान्य-चारा उचलत फिरत होत्या.

त्या काळी धान्याची वाहतूक बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्याला गेला होता. वाटेवर मेलेल्या माणसांचे ढीग पाहिल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. पुढं त्याच प्रवासात त्याला धान्यानं लादलेल्या 14,000 बैलांचा तांडा भेटला. म्हणजे देशात दाणा नव्हता असं नाही. पण लढाईच्या दिवसांत फौजेकडं पैसा आणि तलवार दोन्ही असतात, त्यामुळं तांडे छावणीकडं जाणार. गावाला विकत घ्यायला रुपया नाही आणि तांडा अडवायला हात नाहीत. शहाजहानानं बऱ्हाणपूर, सुरत, अहमदाबादेत लंगर उघडले, सारा माफ केला. बऱ्हाणपुरात दर सोमवारी 5,000 रुपये वाटले जात. ते चांगलंच झालं. पण ज्या मुलखातून फौजा गेल्या, तिथल्या पेवांत परत दाणा पडायला कैक वर्षं गेली. पेरायला बी, बैल आणि माणूस तिन्ही लागतात. तिन्ही गेलेले होते.

धाडीचा दुसरा काळ आजीनं डोळ्यांनी पाहिलेला. तो 1947-48 चा. तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. दुसऱ्या महायुद्धापासून सरकारची लेव्ही सुरू होती. पिकलं किती, घरात खाणारी तोंडं किती, हे न बघता ठरलेला गल्ला सरकारी भावानं घालायचा आणि बदल्यात हाली शिक्क्याचे थोडे पैसे घ्यायचे. ज्याची पटेल-पटवाऱ्याशी सलगी, त्याची लेव्ही हलकी. गरिबाची मात्र पुरती वसुली. आजी सांगायची, लेव्हीवाले लोखंडी गज घेऊन यायचे आणि अंगणात, गोठ्यात, उकिरड्याजवळ खुपसत जायचे. गज एकदम आत गेला की समजायचं, खाली पेव आहे.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, आपण झालो नाही. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार गावोगाव फिरू लागले. आमच्या पलीकडं नगर आणि सोलापूर जिल्हे म्हणजे हिंदुस्थान. मराठवाड्यातून हजारो कुटुंबं बैलगाड्या जुंपून तिकडं गेली. हद्दीपलीकडं स्वातंत्र्यसैनिकांची कँपं होती, तिथून करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले व्हायचे. मग भारत सरकारनं संस्थानाची कोंडी केली. संस्थानाला समुद्र नाही, त्यामुळं मिठापासून औषधांपर्यंत सगळ्याची टंचाई झाली. कोंडी राजासाठी होती, पण अळणी भाकर रयतेनं खाल्ली.

आमची माणसंही ऐन सुगीत गेली. रानात शाळू काढणीला आला होता. रातोरात गाडीत बसेल तेवढं घेतलं आणि नगरच्या हद्दीतल्या सोयऱ्यांकडं गेले. उभं पीक पाखरांनी खाल्लं. त्या साली पाऊस काही वाईट नव्हता. पिकलेलं असून उपाशी राहायची वेळ आली. आजीला त्याचंच जास्त लागलं होतं.

13 सप्टेंबर 1948 ला फौज आत आली, 17 तारखेला निजाम शरण आला. तो दिवस आपण मुक्तिदिन म्हणून साजरा करतो आणि तो करायलाच पाहिजे. पण त्याच्या पुढचे काही आठवडे आपल्या भाषणात येत नाहीत. रझाकारांचा राग काही ठिकाणी त्यांच्याशी काडीचा संबंध नसलेल्या मुसलमान घरांवर निघाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं संस्थानभर फिरून अहवाल दिला. 27 ते 40 हजार माणसं मारली गेल्याचा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडकडं कहर जास्त झाला, पण आपला बीड जिल्हाही सुटला नव्हता.

आमच्या गावात पिंजाऱ्याचं एक घर होतं. गाद्या भरायचे, चार एकर रान करायचे. रझाकारांनी त्यांच्याकडूनही वसूल केलेलं. एका रात्री ते निघून गेले. कुणी घालवलं, याचं उत्तर गावात कुणी सरळ देत नाही. आजीनं मात्र मला सांगितलं होतं, "त्याहिचं पेव आपल्याच लोकांनी फोडलं. गज त्योच, हात दुसरे." त्यांचं बाजरीचं रान उभं होतं. ते कुणी कापलं, हेही तिला माहीत होतं. ते घर परत आलं नाही. मुक्तीचा इतिहास सांगताना हे पेवही सांगितलं पाहिजे, असं मला वाटतं. एरवी आपण धाड म्हणजे नेहमी दुसऱ्याचीच समजू.

आता पाण्याच्या काळाकडं येतो. 1972 ला मी सहावीत होतो. आमच्या भागात खरीप गेलं, रब्बी पेरलीच नाही. आजी-आजोबांनी सांगितलेल्या कुठल्याही सालापेक्षा आभाळ वाईट होतं. पण गाव मेलं नाही. का? पाझर तलावाचं काम निघालं. आई-बापाबरोबर आम्ही पोरंही पाट्या उचलायला गेलो. दुपारी सुकडी मिळायची. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, रेशनला मिळायची. तिची भाकर थापताना तुटायची, गार झाली की वातड व्हायची, पण पोटात जायची. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 ला तासगाव तालुक्यात सुरू केलेला प्रयोग या दुष्काळात राज्यभर पसरला. 1977 ला त्याचा कायदा झाला. पुढं 2005 ला देशानं तसाच कायदा केला.

त्या कामांवर अन्यायही झाले. हजेरीत गोलमाल होता, मोजमाप कमी धरत. पण माणूस ओरडू शकत होता. तहसीलवर मोर्चा जात होता, पेपरात छापून येत होतं, आमदाराला गावात तोंड दाखवावं लागत होतं. आणि धान्याचा ट्रक बंदरावरून निघाला की रेशन दुकानापर्यंत येत होता. त्याच्या तीसच वर्षं आधी, 1943 ला, बंगालात सुमारे 30 लाख माणसं गेली. जपान ब्रह्मदेशात आला म्हणून तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारनं किनाऱ्यावरच्या नावा काढून घेतल्या, धान्य उचललं. दाणा असून गरिबाच्या हाती येईना. लहानपणी तो काळ पाहिलेल्या अमर्त्य सेन यांनी पुढं हेच मांडलं. जिथं निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं आहेत, तिथं मोठे भूकबळी होत नाहीत.

आता जग बघा. भुकेची मोजणी करणारी आयपीसी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्या पाच पायऱ्या आहेत. पाचवी पायरी म्हणजे जाहीर दुष्काळ. तिथं दर पाचांतल्या एका घरी अन्नाची अतिटंचाई असते, शंभरातली तीस लेकरं तीव्र कुपोषित असतात आणि दर 10,000 माणसांत रोज दोन माणसं उपासमारीनं किंवा त्यातून आलेल्या रोगानं मरतात. ऑगस्ट 2024 मध्ये सुदानातल्या अल फशेर शहराजवळच्या झमझम छावणीत तो जाहीर झाला. ऑगस्ट 2025 मध्ये गाझा शहर आणि परिसरात झाला. दोन्हीकडं युद्ध. गाझात मदतीचे ट्रक हद्दीवर उभे होते आणि आत पोरं वाळत होती.

सुदानची माणसं आपल्यासारखीच ज्वारी खातात. त्यांची नाईलच्या पाण्यावरची गेझिरा नावाची मोठी बागायत आहे. एप्रिल 2023 पासून तिथं सरकारी फौज आणि निमलष्करी दल यांची लढाई सुरू झाली आणि त्याच सालाच्या डिसेंबरात ती गेझिऱ्यात शिरली. शेतकरी पळाले, गोदामं लुटली गेली. अल फशेरला वेढा पडला, तेव्हा तिथल्या माणसांनी शेंगदाण्याची पेंड खाल्ली, जी आपण म्हशीला घालतो. ही बातमी वाचली तेव्हा मला आजीचा गज आठवला. देश निराळा, पण रीत तीच आहे. आधी पेव लुटायचं, मग रस्ता अडवायचा, मग पेरणाऱ्याला हाकलायचं.

आपल्याकडं आज युद्ध नाही. पण सावध राहायला पाहिजे. मार्च 2020 ला टाळेबंदीत रस्ते बंद झाले, तेव्हा आमच्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर कारखान्यांच्या फडावर, कोपीत अडकले. कित्येकांचा बाजरी-ज्वारीचा शिधा संपत आलेला. एप्रिलात परवानगी मिळाल्यावर ते गावी आले. रस्ता बंद पडला की काय होतं, याचा तो वानवळा होता. आणि गावात तरी काय आहे? रानात कापूस आणि सोयाबीन. पेवं बुजली, त्यांवर घरं झाली. कणग्या मोडल्या. आठवड्याचं पीठ बाजारातून येतं.

पेवं पुन्हा खणा असं मी म्हणत नाही. पण दोन-चार एकरवाल्यानंही अर्धा एकर शाळू घरापुरता पेरावा, घरात निदान सहा महिन्यांचे दाणे असावेत. गावाचं एक सामाईक कोठार असावं, त्याची किल्ली एका भावकीकडं किंवा एका जातीकडं नसावी. आणि गावात भांडण पेटवायला कुणी आलं, तर पिंजाऱ्याच्या घराची गोष्ट त्याला ऐकवावी. पाऊस आपल्या हातात नाही. दुसऱ्याच्या पेवात गज खुपसायचा की नाही, हे मात्र आपल्याच हातात असतं.