रिकाम्या पुंगळ्या : प्रस्तावना

१७ फेब्रुवारी २००५. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात फॅबेन्स गावाजवळ एका चालकाने पाठलाग चुकवत आपली व्हॅन सोडली आणि खंदक ओलांडून तो मेक्सिकोच्या दिशेने पळाला. सीमा गस्त दलाचे होसे कॉम्पिआन यांनी त्याच्यावर चौदाएक गोळ्या झाडल्या. इग्नासिओ रामोस यांनी एकच झाडली, आणि तीच त्याला कमरेखाली लागली. जखमी चालक तशाच अवस्थेत सीमेवरच्या नदीपार निसटला. व्हॅनमध्ये सुमारे ३४० किलो गांजा सापडला. नंतर कॉम्पिआन यांनी जमिनीवरच्या रिकाम्या पुंगळ्या वेचल्या आणि खंदकात फेकल्या. गोळीबाराची खबर दोघांनीही वरिष्ठांना दिली नाही.

बळाचा वापर आणि कायदा या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने या पुंगळ्यांपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. पळणाऱ्याच्या हातात काहीतरी चमकताना दिसले, असे दोघांनी सांगितले. तो निःशस्त्र होता, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. भीती खरी होती की नाही, यावर वाद घालता येतो. पुरावा लपवण्याचे समर्थन मात्र अवघड आहे.

मार्च २००६ मध्ये एल पासोच्या ज्युरीने दोघांना दोषी ठरवले. रामोस यांना ११ वर्षे १ दिवस, तर कॉम्पिआन यांना १२ वर्षांची शिक्षा झाली. प्रत्येकाच्या शिक्षेतली दहा वर्षे एकाच कलमाची होती : हिंसक गुन्हा करताना बंदूक चालवली, तर किमान दहा वर्षे, आणि तीही इतर शिक्षेनंतर भोगायची. ही शिक्षा कमी करणे न्यायाधीशांच्या हातातच नव्हते. दुसरीकडे, साक्ष देण्याच्या बदल्यात तस्कराला खटल्यापासून अभय मिळाले होते. मग देश पेटला. एका बाजूला ‘वीर जवान’, दुसऱ्या बाजूला ‘पाठीत गोळी घालणारे’. खटला चालवणारे जॉनी सटन राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले होते, तरी बुश यांच्याच पक्षाचे अनेक खासदार सटन यांच्यावर तुटून पडले. २००७ मध्ये सिनेटच्या समितीने सुनावणी घेतली. २००८ मध्ये अपील न्यायालयाने मुख्य दोष कायम ठेवले. १९ जानेवारी २००९ रोजी, पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, बुश यांनी शिक्षा कमी केली; दोष पुसला नाही. माफी मिळाली ती डिसेंबर २०२० मध्ये, ट्रम्प यांच्याकडून.

या गदारोळात तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले होते. दोघे दोषी होते का? शिक्षा गुन्ह्याच्या मानाने योग्य होती का? आणि सीमेवर कोणते धोरण असावे? राजकारण तिन्हींना एकच उत्तर मागते. अभ्यास ते सुटे करतो. दोष खरा आणि शिक्षा अवाजवी, असे दोन्ही एकाच वेळी मानता येते. माझे स्वतःचे मत तेच आहे.

वाचकाने १९८५ चा ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ हा निकाल जवळ ठेवावा. जिवाला मोठा धोका असल्याशिवाय पळणाऱ्या संशयितावर प्राणघातक बळ वापरता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत झालेली लखन भैया चकमक बनावट ठरली, २०१३ मध्ये पोलिसांना जन्मठेप झाली आणि २०१५ मध्ये राज्य सरकारने त्यांच्यापैकी अनेकांच्या शिक्षेला सहा महिन्यांची स्थगिती दिली. देश वेगळा, सीमा नाही, तरी प्रश्न ओळखीचा : वर्दीतल्या दोषीला दया कोणी दाखवायची, आणि कोणत्या कारणाने?

या क्षेत्रात तुमचे मनापासून स्वागत. एकच विनंती : मत बनवण्याआधी निकालपत्र वाचा आणि पुंगळ्या कुठे गेल्या, ते विचारा.