तक्षीम, साहोत्रा आणि विक्रेय भागीदारी : भोर-वेल्हे परिसरातील वतनी परिभाषेच्या आधारे एक विचार

अमेरिकेच्या प्राप्तिकरविषयक कायद्यात १९८७ साली भागीदारीचा एक नवा वर्ग निश्चित करण्यात आला. ज्या भागीदारीतील हिस्से रोखेबाजारात, अथवा त्याच्याशी वस्तुतः समान अशा दुय्यम बाजारात, कोणासही विकत घेता येतात ती भागीदारी या वर्गात पडते. मराठीत तिला ‘सार्वजनिक भागीदारी’ म्हणण्याचा मोह होतो. परंतु ते भाषांतर भ्रामक आहे. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक वाचनालय या प्रयोगांत ‘सार्वजनिक’ म्हणजे सर्व जनांच्या उपयोगाचे. येथे सर्वांस खुला असतो तो केवळ हिश्शांचा बाजार. म्हणून प्रस्तुत लेखात ‘विक्रेय भागीदारी’ ही संज्ञा योजिली आहे.

संज्ञेचा हा प्रश्न वरवरचा नाही. हिस्सा परक्यास विकता येऊ लागला म्हणजे विकत घेणाऱ्यास नेमके काय मिळते, आणि सरकारास कर द्यावयाचा तो हिस्सेदाराने की समुदायाने, असे दोन प्रश्न तिच्या पोटात आहेत. भोर व वेल्हे भागातील वतनी व्यवहाराने हेच प्रश्न फार पूर्वी हाताळले होते, आणि त्यांची उत्तरे तेथील शब्दांत साठलेली आहेत, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. अमेरिकेत सामान्य भागीदारीवर स्वतंत्र प्राप्तिकर नसतो. नफा भागीदारांचा मानला जातो आणि प्रत्येकजण आपापल्या वाट्यावर कर भरतो. कंपनीची गोष्ट निराळी. तिच्या नफ्यावर एकदा आणि भागधारकास मिळालेल्या लाभांशावर पुन्हा, असा कर पडतो. १९८१ साली अपाचे या तेल-उद्योगातील कंपनीने भागीदारीचे हिस्से बाजारात आणिले. कंपनीप्रमाणे बाजारातून भांडवल उभे करावयाचे आणि कर मात्र भागीदारीप्रमाणे द्यावयाचा, असा हा मार्ग होता. १९८६ च्या करसुधारणेने व्यक्तीवरील कमाल दर २८ टक्के आणि कंपनीवरील ३४ टक्के ठरला, तेव्हा त्या मार्गाचे आकर्षण अधिकच वाढले. १९८७ च्या कायद्याने त्यास बांध घातला. विक्रेय भागीदारी करापुरती कंपनी समजली जाईल, असा नियम झाला. मात्र जिच्या ढोबळ उत्पन्नापैकी निदान ९० टक्के उत्पन्न व्याज, लाभांश, स्थावराचे भाडे, खनिज व नैसर्गिक संपत्ती अशा ठरावीक मार्गांनी येते, तिला यातून सूट मिळाली.

भारतातील १९३२ चा भागीदारी अधिनियम दुसऱ्या टोकाचा आहे. त्याच्या २९ व्या कलमान्वये भागीदाराने आपला हिस्सा दुसऱ्यास दिला, तर भागीदारी चालू असेतोवर त्या दुसऱ्यास नफ्याचा वाटा तेवढा मिळतो. कारभारात हात घालण्याचा अथवा हिशेबाच्या वह्या मागण्याचा अधिकार त्यास नाही. ३१ व्या कलमाप्रमाणे, विरुद्ध करार नसल्यास, सर्वांच्या संमतीवाचून नवा भागीदार घेता येत नाही. अर्थात कायदा हिश्शाचे दोन भाग करितो : एक फळ आणि दुसरे पद. फळ देता येते. पद मात्र इतरांच्या संमतीने मिळते.

आता मावळाकडे वळू. रोहिडखोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे हे प्रदेश पुढे भोर व वेल्हे या तालुक्यांत मोडले. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे व उत्रौलीचे खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, कानद खोऱ्यात मरळ ही देशमुख घराणी होती. देशमुखी अथवा पाटिलकी म्हणजे केवळ अधिकाराची जागा नव्हे. हक्क, लाजिमे, इनाम जमीन, मानपान आणि सरकारची चाकरी या सर्वांचा तो वंशपरंपरागत समुच्चय असे. तो वाटला जाई, गहाण पडे आणि विकलाही जाई.

या वाटणीचा मुख्य शब्द ‘तक्षीम’. अरबी ‘तक्सीम’ म्हणजे विभागणी. मराठीत मात्र तो क्रियेचा वाचक न राहता वाट्याचा वाचक झाला. त्याच्या सोबतीने ‘भाऊबंद’, ‘वडीलपण’, ‘धाकुटपण’ असे नात्याचे शब्द येतात. पाटिलकीची तक्षीम होताना उत्पन्नाबरोबर मानही वाटला जाई : पानविडा प्रथम कोणास, पोळ्याला कोणाचे बैल पुढे, होळीची पोळी कोणाची, कागदावर नांगराची निशाणी कोणाची वर व कोणाची खाली. या तपशिलास क्षुल्लक म्हणून वगळणारा अभ्यासक मोठी चूक करील. समुदायात कोण सभासद आहे व त्याचे स्थान कोणते, हे सांगण्याची त्या काळची रीत हीच होती.

तक्षीम परक्यास विकावयाची तर भाऊबंदांची संमती लागे, गोताची साक्ष लागे आणि सरकारची मान्यता लागे. मान्यतेसाठी नजर अथवा शेरणी द्यावी लागे. तंटा झाल्यास जिंकणाराकडून हरकी व हरणाराकडून गुन्हेगारी घेतली जाई. काही व्यवहारांत विकत घेणारास विकणाऱ्याने भाऊ मानल्याचे दिसते. सभासदत्व रक्ताने येते ही कल्पना इतकी दृढ होती की, पैसे देऊन आलेल्यासही नात्याची भाषा स्वीकारावी लागे. येथे पद व फळ एकत्र विकले जात, आणि म्हणूनच संमतीची अट इतकी कडक होती.

याच भोरच्या इतिहासात दुसऱ्या जातीचा एक वाटा आढळतो. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत शंकराजी नारायण यांस सचिवपद मिळाले व भोरचे पंतसचिव घराणे उदयास आले. पुढे शाहू महाराजांच्या काळी चौथाईची वाटणी ठरली. तीत शेकडा २५ राजबाबती, ६६ मोकासा, ३ नाडगौडा आणि ६ साहोत्रा असे अंश होते. साहोत्रा सचिवांकडे आला. दहोत्रा, पंचोत्रा यांप्रमाणे हा शेकडेवारीचा शब्द आहे. त्यात नाते नाही, मान नाही, निशाणी नाही. ज्या गावच्या वसुलात साहोत्रा असे त्या गावचा सचिव भाऊबंद होत नसे. त्याचा संबंध केवळ अंशाशी. तक्षीम हे सभासदत्व आहे. साहोत्रा हा निव्वळ उत्पन्नाचा अंश आहे. दोन्ही शब्दांस ‘हिस्सा’ हा एकच प्रतिशब्द देणे म्हणजे त्यांतील कायदेशीर भेद पुसून टाकणे होय. आजच्या बाजारातून विक्रेय भागीदारीचा हिस्सा घेणारा गुंतवणूकदार नावाने तक्षीमदार असला, तरी वृत्तीने साहोत्र्याचा धनीच असतो.

कराच्या प्रश्नाचे उत्तरही येथूनच मिळते. वतनात कितीही तक्षिमा पडल्या तरी सरकारच्या दृष्टीने वतन एकच राही. आतील वाटणी भाऊबंदांनी पाहावी; सरकारास जबाबदार असा एक चेहरा हवा. भाऊबंद परस्परांस ओळखतात, म्हणून त्यांच्यातील वाटा त्यांचा तेच हिशेबात धरू शकतात. हिस्सा रोज हात बदलू लागला की ही ओळख नाहीशी होते. १९८७ च्या कायद्यामागे कंपनीवरील कराचे उत्पन्न घटू नये ही चिंता होती, हे उघड आहे. परंतु त्याने रेषा नेमकी हिश्शाच्या खुल्या विक्रीवर ओढिली, याचा अर्थ या दृष्टीने लागतो. भागीदार अनोळखी झाला, की समुदायासच देह प्राप्त होतो. भारतात १९९३-९४ च्या आकारणी वर्षापासून कर भागीदारी संस्थेवर पडतो व भागीदाराच्या वाट्यावर पुन्हा पडत नाही. म्हणजे आपण खुल्या विक्रीची वाट न पाहताच समुदायास करदाता मानिले आहे.

तुलनेची मर्यादा सांगणे अवश्य आहे. वतन हा व्यापार नव्हता. १६५९ साली अफझलखानाच्या स्वारीत कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडून शिवाजी महाराजांची बाजू धरली आणि त्याच रोहिडखोऱ्यातील खंडोजी खोपडे खानास मिळाला. बाजारातील हिश्शासाठी अशी निवड कोणास करावी लागत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांस राज्याचे ‘दायाद’ म्हटले आहे. दायाद म्हणजे वारशातील वाटेकरी. राज्यास त्यांची धास्ती वाटे ती ते राजसत्तेतच वाटा मागत म्हणून.

इंग्रजी अमदानीत १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांविषयीच्या कायद्याने वतनाचा भाग त्याच वतनाच्या वतनदाराबाहेर स्वतःच्या हयातीपलीकडे देण्यास सरकारी मंजुरीची अट घातली, आणि चाकरीसाठी प्रतिनिधी वतनदार नेमण्याची रीत लाविली. पुष्कळ वाटेकरी आणि एक जबाबदार माणूस, हेच जुने तत्त्व त्यात कायम राहिले. तो कायदा इंग्रजी मुलखाचा. भोर हे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. नंतर १ मे १९५१ पासून परगणा व कुलकर्णी वतने आणि १ जानेवारी १९६३ पासून मुलकी पाटिलकी संपुष्टात आली. तक्षीम हा शब्द तेव्हापासून मुख्यतः दप्तरात उरला.

दप्तरातील या शब्दांचा आजच्या कायद्याच्या मराठीस उपयोग आहे. भागीदारीविषयी लिहिताना कोणता वाटा सभासदत्व देतो आणि कोणता केवळ अंश देतो, हे प्रत्येक वेळी स्पष्ट केले पाहिजे. तसे न केल्यास हिस्सा विकत घेणाऱ्या सामान्य माणसाचा असा समज होईल की आपण कारभाराचे भागीदार झालो. वस्तुतः त्याच्या हाती आलेला असतो तो साहोत्रा. मोडी कागद वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि कायद्याची परिभाषा घडविणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवावा, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.