गर्दीतल्या माणसाची नोंद

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे तीर्थक्षेत्र. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीला महाराष्ट्रासह तेलंगणा, कर्नाटकातील तांड्यांवरून माणसे येथे येतात. या गर्दीचा आकडा लाखांत आणि अंदाजानेच सांगितला जातो. जत्रा ही मुळात बिननावाची गर्दी असते. मूल हरवले तर लाउडस्पीकरवरून नाव आणि कपड्यांचा रंग पुकारायचा, एवढीच शोधाची व्यवस्था.

जत्रेतील फोटोचा धंदाही याच तत्त्वावर चालला. रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल किंवा विमान, पुढे पुठ्ठ्याची मोटारसायकल. फोटो आणि गिऱ्हाईक यांची सांगड पावतीच्या नंबराने घातली जाई. प्रत नंतर पाठवायची असेल तर पत्ता लिहून घेत. पावती फाटली की फोटोवाल्याचा आणि त्या माणसाचा संबंध संपला.

याला जुना अपवाद तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा. त्र्यंबकेश्वर आणि नाशिक येथे यजमानाने गाव, आडनाव सांगितले की उपाध्ये त्या घराण्याची वही काढतात. आजोबा-पणजोबा कधी आले, सोबत कोण होते, हे त्यात सापडते. ही नोंद यात्रेकरू स्वतः सांगतो आणि पुढच्या पिढीला ती वाचायला मिळते. नोंदीचा उपयोग ज्याची नोंद त्यालाच व्हावा, अशी उदाहरणे पुढच्या इतिहासात फारशी नाहीत.

उलट उदाहरण पोहरादेवीला येणाऱ्या समाजाच्याच इतिहासात आहे. बैलांच्या तांड्यांवर मीठ व धान्य वाहणे हा बंजाऱ्यांचा पिढीजात व्यवसाय. १८६० च्या दशकात वऱ्हाडात रेल्वे आली, सडका झाल्या आणि हा व्यापार खचला. एका जागी न राहणारा माणूस इंग्रज सरकारला तसाही संशयास्पद वाटे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींतील माणसांची नावनिशी नोंद, ठरावीक वेळी हजेरी आणि हद्दीबाहेर जाण्यासाठी पास अशी यंत्रणा उभी केली. १९११ च्या कायद्याने ती देशभर लागू करता येऊ लागली आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूदही आली. कोणत्या प्रांतात कोणती जमात या यादीत घातली, हे सारखे नव्हते. मात्र महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आज बंजारा आहेत, याचे मूळ या कायद्यात आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला.

ठशांचे तंत्र भारतातच वाढले. १८५८ मध्ये बंगालमधील अधिकारी विल्यम हर्शेल यांनी एका करारावर पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठसे-विभाग सुरू झाला. शंभराहून अधिक वर्षांनी फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या फाटकावर पाहुणे तिकिटासोबत बोट टेकवू लागले. एकाचे तिकीट दुसऱ्याने वापरू नये, एवढाच हेतू. येथे कोणी तक्रारही फारशी केली नाही, कारण पलीकडे तुरुंग नव्हता, पाळणे होते.

मनोरंजन उद्यानांतील नोंदीची वाट तिकिटापासूनच सुरू झाली. १९५५ मध्ये उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये खेळांच्या दर्जाप्रमाणे कुपनांची पुस्तिका मिळे. कुपन कोणी फाडले, हे त्यावरून कळत नसे. २००४ मध्ये डिस्ने वर्ल्डने फोटोपास आणला: उद्यानातील कोणताही छायाचित्रकार पाहुण्याच्या कार्डावरचा क्रमांक टिपून घेई आणि दिवसभराचे सगळे फोटो एका खात्यात जमा होत. जत्रेतल्या पावतीचेच हे रूप. फरक इतका की सगळ्या फोटोवाल्यांची पावती एकच झाली. त्याच वर्षी डेन्मार्कमधील लेगोलँडने मुलांच्या मनगटावर वाय-फायचा टॅग बांधून हरवलेले मूल शोधण्याची सोय केली. पुकारा करण्याची गरज उरली नाही.

या दोन्ही गोष्टी २०१३ मध्ये डिस्ने वर्ल्डच्या मॅजिकबँड या मनगटी पट्ट्याने एकत्र आणल्या. रबरी पट्ट्यात दोन साधने होती. एक चिप वाचकयंत्राला टेकवल्यावर चाले. तिने फाटक उघडे, हॉटेलची खोली उघडे, खरेदीचे पैसे भागत. दुसरा बॅटरीवरचा प्रक्षेपक दुरूनही ओळखला जाई. त्यामुळे पाळण्यात बसलेल्याचा फोटो कार्ड न दाखवता थेट त्याच्या खात्यात पोहोचे. पट्ट्यात नाव नसे, फक्त संकेतांक असे. नाव, कार्ड, आरक्षण आणि फोटो कंपनीच्या संगणकात जोडलेले. कोणत्या खेळाकडे किती लोक सरकत आहेत हे कळल्यावर माणसे व गाड्या त्याप्रमाणे हलवता येत, हा धंद्याचा खरा लाभ. खर्च सुमारे १ अब्ज डॉलर झाल्याचे वृत्त होते. मुलांच्या माहितीचे काय, असा प्रश्न अमेरिकी काँग्रेसचे सदस्य एडवर्ड मार्की यांनी त्याच वर्षी जानेवारीत पत्राने विचारला; कंपनीने शंका फेटाळली. पट्टा मात्र लोकांनी हौसेने बांधला आणि २०२१ पासून डिस्नेच्या हॉटेलांतील पाहुण्यांना तो फुकट मिळेनासा झाला, तरी विकत घेतला. हजेरीचा पास कोणी विकत घेतला नसता.

महाराष्ट्रात गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आणि खोपोलीचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. पण गर्दी मोजण्याचे महत्त्वाचे प्रयोग येथे उद्यानांत झाले नाहीत, तीर्थांवर झाले. कारण करमणुकीचे नव्हते. नाशिकच्या कुंभमेळ्यात २००३ मध्ये चेंगराचेंगरीत ३९ जणांचा मृत्यू झाला होता. २०१५ च्या कुंभात निलय कुलकर्णी या नाशिकच्या किशोराने सहकाऱ्यांसह तयार केलेली ‘आशिओतो’ ही दाबसंवेदी चटई वापरली गेली. माणूस तिच्यावरून गेला की पाऊल मोजले जाई. पाऊल कोणाचे, हे चटईला कळत नसे आणि कळण्याची गरजही नव्हती. अमरनाथ यात्रेने दुसरी वाट धरली. २०२२ पासून प्रत्येक यात्रेकरूला रेडिओलहरींनी ओळखले जाणारे आरएफआयडी कार्ड सक्तीचे झाले, म्हणजे गर्दीबरोबर व्यक्तीचीही नोंद. हिमवृष्टीत अडकलेल्याचा शोध घ्यायचा तर नुसती मोजणी अपुरी पडते, हेही खरे.

पट्ट्याची जागा आता फोन घेत आहे आणि २०२१ मध्ये डिस्नेने फाटकावर चेहरा ओळखण्याची चाचणीही करून पाहिली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास आणि त्यांच्यावर लक्ष्य साधून जाहिरात करण्यास मनाई केली आहे. काही वर्गांना अटींवर सूट देण्याची मुभा त्यात सरकारकडे आहे.