उपदेशकाची फकिरी

१९१७ सालीं रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. वय पंचावन्नाच्या घरांत. १८९५ सालीं बाप्तिस्मा झाला, १९०४ सालीं पाळकाची दीक्षा मिळाली. अहमदनगरास अध्यापन घडलें, ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू संभाळली. बाहेरून पाहतां उणें कांहींच नव्हतें.

उणें होतें तें श्रोत्यांच्या नजरेंत. या देशांत धर्म सांगणाराचें आचरण आधीं पाहतात, बोल मागाहून ऐकतात. परदेशच्या पैशावर पोसलेला उपदेशक कितीहि निर्मळ असला, तरी त्याच्या शब्दास वेतनाचा वास येतो, ही शंका अन्यायाची असेल. पण युक्तिवादानें ती फिटत नाहीं. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें मानणाऱ्या टिळकांस तर तें मुळींच अवघड वाटूं नये. त्यांनीं वाद घातला नाहीं, पगार सोडला. दरबारांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत, अशी त्यांची कल्पना होती.

हा संन्यास मात्र संसारी माणसाचा, आणि संसार लक्ष्मीबाईंचा! पतीच्या हातीं पैसा कसा टिकत नसे, हें त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’त हंसत हंसत सांगितलें आहे. वाचकासहि हंसूं येतें; चूल मात्र त्यांना पेटवावयाची होती.

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. दरबारास उणींपुरीं दोन वर्षें लाभलीं. ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें. त्याचे पुढील अध्याय लक्ष्मीबाईंनीं रचले.