वर्णगणना आणि स्वतंत्र घटनांची कल्पना

१९०२ साली मॉस्कोचे गणितज्ञ पाव्हेल नेक्रासोव्ह यांनी एक धाडसी सिद्धान्त मांडला. विवाह, गुन्हे इत्यादिकांचे वार्षिक प्रमाण स्थिर असते. घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्याखेरीज अशी स्थिरता संभवत नाही. सबब मानवी इच्छाही स्वतंत्र होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. पीटर्सबर्गचे आंद्रेई मार्कोव्ह यांना तो मान्य नव्हता. परावलंबी घटनांची सरासरीही स्थिरावू शकते, हे त्यांनी १९०६ मध्ये गणिताने सिद्ध केले.

पुढे १९१३ साली त्यांनी विज्ञान अकादमीपुढे याचे उदाहरण भाषेतून दिले. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यातील २०,००० वर्ण, कठोर व मृदू ही चिन्हे वगळून, त्यांनी मोजले. त्यांत ८,६३८ स्वर व ११,३६२ व्यंजने भरली. आडव्या ओळींत आधीचा वर्ण व उभ्या रकान्यांत नंतरचा, असे दुहेरी कोष्टक मांडल्यास यातील मर्म ध्यानी येते. स्वरामागून स्वर १,१०४ वेळा आला, तर व्यंजनामागून ७,५३४ वेळा. म्हणजे स्वर येण्याची संभाव्यता पहिल्या ओळीत सुमारे ०.१३ व दुसरीत ०.६६ ठरते. घटना स्वतंत्र असत्या, तर दोन्ही ओळींत ती ०.४३ च्या आसपास असती आणि स्वरयुग्मे सुमारे ३,७३१ भरली असती.

तथापि दर शंभर वर्णांतील स्वरसंख्या ४३ च्या आसपासच राहिली. इच्छास्वातंत्र्याच्या प्रश्नाचा निकाल यातून लागत नाही. मात्र बेरजेच्या स्थैर्यावरून स्वातंत्र्याचे अनुमान करता येत नाही, एवढे निश्चित होते. त्यासाठी कोष्टकाच्या ओळीच एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात.