रवांडातील शालेय एचपीव्ही लसीकरण

मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण मिळावे म्हणून रवांडात २०११ पासून शाळांमार्फत राबवला जाणारा कार्यक्रम. राष्ट्रव्यापी एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) लसीकरण हाती घेणारा हा आफ्रिकेतील पहिला देश होय. सुरुवातीला वापरलेली गार्डासिल ही लस विषाणूच्या ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध होती. या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांत १६ व १८ हे प्रकार कारणीभूत असतात.

गटनिवड : लस वय पाहून नव्हे, तर इयत्ता पाहून, सहावीतील मुलींना दिली गेली. सहावी ही तेथील प्राथमिक शाळेची शेवटची इयत्ता. प्राथमिक शाळेत बहुतेक सर्व मुली पटावर असतात. माध्यमिक शाळेत पट एकदम रोडावतो. मात्र उशिरा दाखल झालेल्या किंवा त्याच वर्गात पुन्हा बसलेल्या मुलींमुळे सहावीत वयांची सरमिसळ असते. त्यामुळे व्याप्तीची टक्केवारी वर्गाची आहे की वयोगटाची, हे तपासल्याशिवाय तिची दुसऱ्या देशाशी तुलना करू नये. ही चूक पुष्कळ ठिकाणी आढळते.

व्याप्ती : २०११ मध्ये पहिली मात्रा सुमारे ९४ हजार मुलींना, म्हणजे ९५.०४ टक्के मुलींना मिळाली. दुसऱ्या मात्रेची व्याप्ती ९३.९० टक्के, तर तिसरीची ९३.२३ टक्के होती. तिन्ही मात्रा एप्रिल ते ऑक्टोबर या काळात, एकाच शालेय वर्षात बसवल्या होत्या. वर्ष उलटले असते तर मुली शाळा सोडून पांगल्या असत्या. पहिल्या मात्रेचा आकडा मोहिमेचा उत्साह सांगतो, यंत्रणेचा कस लागतो तो गळतीत. येथे ती दोन टक्क्यांहूनही कमी राहिली. याचे बरेचसे श्रेय गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांचे. लसीकरणाच्या दिवशी गैरहजर असलेल्या आणि शाळेतच न जाणाऱ्या मुली त्यांनी शोधून काढल्या. शिक्षक, धर्मगुरू व स्थानिक अधिकारी यांच्यामार्फत पालकांना आधीच माहिती दिलेली होती. पुढील वर्षांत माध्यमिक तिसरीतील मुलींनाही लस देऊन मागे राहिलेला गट सामावून घेण्यात आला.

अर्थसाहाय्य : पहिल्या तीन वर्षांची लस मर्क या उत्पादक कंपनीने विनामूल्य पुरवली. २०१४ पासून गावी या आंतरराष्ट्रीय संस्थेचे साहाय्य मिळाले.

आक्षेप : धनुर्वातासारख्या रोगांच्या लसी बाजूला ठेवून हीच लस आधी का, आणि देणगी संपल्यावर खर्च कोण उचलणार, असे प्रश्न २०११ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात उपस्थित झाले. अ‍ॅग्नेस बिनाग्वाहो व सहकाऱ्यांनी त्यांना उत्तर दिले. बिनाग्वाहो त्या वर्षी आरोग्यमंत्री झाल्या.

परिणाम : लसीकरण झालेल्या पिढीत लसीतील विषाणूप्रकारांचे प्रमाण घटल्याचे नंतरच्या पाहण्यांत दिसते.

पहा : गर्भाशयमुखाचा कर्करोग, लसीकरण, विषाणू.